कैचीमास्तरांचा बैल

त्यांच्या घरात एकही देव धड नव्हता. गणपतीच्या तसबिरीतला उंदीर गेला होता, कृष्णामागची गाय गेली होती, आणि दत्ताच्या पायाशी जिथं कुत्री असतात तिथं कुत्र्यांच्या आकाराची चार भोकं होती. त्यांतून मागच्या भिंतीचा चुना दिसे. मी भाड्याची खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकीणबाईंनी मला ही भोकं आधी दाखवली आणि खोली नंतर.

"पाहून घ्या भाऊ," त्या म्हणाल्या. "राह्याले या, पण तुमचं काही छापील सामान असंन तं पेटीले कुलूप ठेवा. माया लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती बी सोडला नाई या माणसानं."

'हा माणूस' अंगणात बाजेवर पालथा पडून साबणाच्या वेष्टनावरची बाई कापत होता. मान वर न करता म्हणाला, "सोडला नाई, खरं हाय. पण तवापासून तो गणपती नाचून राह्यला, ते नाई सांगत तू."

बाभुळगावच्या शाळेत मी नुकताच इतिहास-भूगोल शिकवायला लागलो होतो आणि ते तिथले चित्रकलेचे मास्तर. गाव त्यांना कैचीमास्तर म्हणायचं. मी आर्णीकडच्या तांड्यातला. आमच्या कित्येक पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडल्या; त्यांच्यात कॉलेजात जाऊन आलेला मी पहिला. हे मी त्या काळात कोणी विचारलं नाही तरी सांगत असे, आणि आजही सांगायला लाजत नाही. मास्तरांनी माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मला 'बीए' म्हणत. "काय बीए, जेवला काय?" सुरुवातीला मला वाटलं थट्टा आहे, मग वाटलं मान आहे. दोन्ही होतं.

त्यांच्याजवळ कैच्या दोन. एक सदऱ्याच्या खिशात, टोकाला बूच लावलेली. ही बिडीबंडलाचे कागद, काडेपेटीवरची चित्रं, कापडाच्या ताग्यावरची रंगीत तिकिटं, सिनेमाच्या जाहिराती यांच्यासाठी. दुसरी देवांची. ती काकूंच्या, म्हणजे घरमालकीणबाईंच्या, कुंकवाच्या डब्याशेजारी असे आणि आंघोळ केल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. कापण्याआधी चित्राशी बोलायचे. "थोडं दुखन माय. मंग चालाफिराले मोकळी."

वर्गात ते फळ्यावर एक आंबा काढत आणि म्हणत, "हा आंबा. पाहून घ्या. आता उद्या येतानी घरून छापलेला कोणताही कागद आणा. पुस्तक फाडाचं नाई, मार खासान." दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडे. वाण्याच्या दुकानात ते सामान घ्यायला जात नसत, रद्दी पाहायला जात. पुडी बांधायच्या कागदात एखादा हत्ती दिसला तर खिशातला कोरा कागद देऊन हत्ती घेऊन येत. वाण्याची हरकत नव्हती. कोऱ्या कागदाची पुडी गिऱ्हाइकाला जास्त साफ वाटे.

एका वर्षी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पानाला मोर होता. त्याचा पिसारा खाली तारखांवर उतरलेला. मास्तरांनी मोर नेला, पिसाऱ्यासकट, आणि पिसाऱ्याबरोबर एक आठवडा गेला. त्या भोकातून खालच्या ऑक्टोबरची एक लाल तारीख दिसू लागली. कारकुनाने ती पाहिली आणि वर्गावर्गातून सुट्टीची नोटीस फिरवली. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापक एकटे. ते तणतणत मास्तरांच्या घरी आले तेव्हा मोर पाटावर पडला होता आणि मास्तर त्याचा पिसारा एकेक काडी करून उघडत होते.

"मास्तर, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"बसा ना सर. अर्ध्या घंट्यात पिसारा पुरा उघडते."

मुख्याध्यापक बसले. खरंच बसले. चहा झाला, पोहे झाले, आणि शेवटची काडी त्यांनी स्वतःच्या बोटाने सरकवली. सुट्टीचं काय झालं ते कोणालाच आठवत नाही.

मास्तरांचं म्हणणं एकच होतं, आणि ते मला त्यांनी निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. "बीए, छापलेलं चित्र म्हणजे 'हालू नको' म्हणून उभा केलेला माणूस. ते लक्ष्मी पाह्य. कमळावर उभी, उभी, उभीच. साऱ्या दुकानाईत उभी. बाईच्या पायाले मुंग्या आल्या असतीन. 'बस माय' म्हणलं काय कोणी तिले?" लक्ष्मीला एकदा खाली बसवायचं, हे त्यांनी आयुष्यातलं मोठं काम ठरवून ठेवलं होतं. तिचे पाय, गुडघे, कमळाच्या पाकळ्या, सगळं वेगवेगळं कापून एका पाकिटात तयार होतं.

बसवायचं यंत्रही होतं. यवतमाळच्या एका जिनिंगात पूर्वी एक गोरा साहेब होता. मास्तरांनी त्याच्या पाट्या रंगवल्या होत्या. देश सोडून जाताना साहेबाने त्यांना चावीचा एक छोटा सिनेमाचा कॅमेरा देऊन टाकला. त्याला एक बटण असं होतं की दाबलं की एकच चित्र उमटे. पाटावर कागदाचा गणपती ठेवायचा, एक बटण. त्याचा हात तिळाएवढा सरकवायचा, पुन्हा बटण. असं वीस-चोवीस वेळा केलं की पडद्यावर एक सेकंद होई. रीळ धुवायला टपालाने मुंबईला जाई, आणि ते परत येईपर्यंत मास्तर पोस्टमनला भर रस्त्यात अडवत. बिचारा पोस्टमन मागच्या गल्लीने जाऊ लागला होता.

दाखवायची सोय सरकारची. यवतमाळहून प्रचारगाडी येई. विहिरी, खत, देवी टोचून घेणं, असले सिनेमे घेऊन. तिचे ऑपरेटर चाचा मास्तरांचे दोस्त. गणपतीचा नाच पहिल्यांदा लावायचा होता तेव्हा चाचा म्हणाले, "मास्टर, सरकारी परदे पे तुम्हारा गणपती नाचेगा, तो मेरी नौकरी चलेगी क्या?"

"चाचा, आधी भजी खा. थंडी होऊन राह्यली."

काकूंच्या भज्यांपुढे सरकार टिकलं नाही. शेणखताच्या सिनेमानंतर गणपती नाचला, आणि लोकांनी शेणखतालाही टाळ्या दिल्या.

आता तान्ह्या पोळ्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मास्तरांचा जीव खरा तिथं अडकला होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा सण असतो. खरे बैल काल मिरवून झालेले. आज पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत आणतात, तोरणाखालून नेतात, आणि सगळ्यांत चांगल्या बैलाच्या धन्याला बक्षीस मिळतं. आमच्या शाळेच्या मैदानातल्या पोळ्याचं बक्षीस म्हणजे एक नारळ आणि बैलाच्या गळ्यात बांधायची पितळी घंटी. मास्तर पन्नाशी ओलांडलेले, पोरबाळ नाही. ते दरवर्षी आपला बैल घेऊन पोरांच्या रांगेत उभे राहत.

"मास्तर, हे लेकराईचं हाय," पंच म्हणत.

"कुठं लेहेलं हाय?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं. मग त्यांना रांगेत राहू देत आणि बक्षीस एखाद्या सात वर्षांच्या पोराला देत. मास्तर दोन दिवस कोणाशी बोलत नसत. घरात भिंतीवर त्यांनी त्या घंटीसाठी एक खिळा ठोकून ठेवला होता. काकू त्यावर चुकूनसुद्धा पिशवी अडकवत नसत.

मी लागलो त्या वर्षी मास्तरांनी जाहीर केलं की पुढच्या तान्ह्या पोळ्याला ते कागदाचा बैल आणतील, आणि तो तोरणाखालून आपल्या पायांनी चालत जाईल.

बैलासाठी कातडं मिळालं ते माझ्याच वर्गातून. आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. जुन्या प्रांताचा भिंतीवरचा मोठा नकाशा आता खोटा झाला म्हणून मुख्याध्यापकांनी तो काढायला सांगितला. मी तो गुंडाळत होतो तर मास्तर दारात हजर. "टाकून देऊन राह्यला काय? अबे, केवढा बैल हाय यात!" आणि खरोखर, त्यांनी कैची फिरवली तेव्हा नकाशातून बैल निघाला. वशिंडावर सातपुडा, पोटाखालून पैनगंगा.

"आपलं यवतमाळ कुठं गेलं?" मी विचारलं.

"पोटात. खाल्लेलं तिथंच राह्यते."

शेपटी केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्या बाईची वेणी होती. पाय शेतकी खात्याच्या पत्रकांतून आले. आणि पाठीवर, माझ्या वाडवडिलांच्या बैलांवर असत तशा दोन गोण्या, वापरलेल्या पोस्टाच्या तिकिटांच्या. प्रत्येक तिकिटावर वेगळ्या गावाचा काळा शिक्का. "तुमचे लोक गावोगावचा माल नेत होते ना बीए? हा घे गावोगावचा माल." मी एकेका तिकिटावरचं गाव वाचत बसलो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"बीए, तू तांड्यातला. मी सुताराचा पोरगा, मले लाकडाचे बैल माहीत. खरा बैल चालतानी पाय कोणत्या हिशेबानं टाकते?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आठव्या वर्षी मी वसतिगृहात गेलो. बैल जन्मभर पाहिले, पण पायांकडे कोण बघतो? 'माहीत नाही' एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण मी तांड्यातला पहिला पदवीधर, आणि प्रश्न बैलाचा. मी म्हणालो, "पुढचा डावा आणि मागचा उजवा संगं. मग पुढचा उजवा, मागचा डावा. घोड्यावाणी."

"वा!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते पाटाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं.

त्यांच्याजवळ रिळांचे दोनच डबे उरले होते. नागपूरच्या दुकानदाराने कळवलं होतं की बाहेरचा माल येणं बंद होत आहे, यापुढे मागू नका. मास्तरांनी वाटणी केली होती: एक डबा बैलाचा, एक लक्ष्मीचा.

त्या उन्हाळ्यात आम्ही रोज अकरा ते एक अंगणात असू. घरात वीज नव्हती, आणि ऊन डोक्यावर असतं तेव्हाच सावली पसरत नाही. यवतमाळच्या वैशाखात भरदुपारी अंगणात कोण बसतं? पण आम्ही बसायचो, डोक्याला ओले पंचे बांधून. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून वर काच हवी होती. मास्तरांनी काकूंच्या आणि त्यांच्या लग्नाच्या फोटोची काच काढली.

"घ्या, ते बी घ्या," काकू म्हणाल्या. "आता मलेच कापाचं राह्यलं."

"तू छापलेली कुठं हायस?" मास्तर म्हणाले. "तू तं आपल्या मनानं चालते." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसल्या की रागावल्या, दिसलं नाही.

एकदा काच उचलली तेवढ्यात वावटळ आली आणि बैलाचा मागचा पाय शेजाऱ्याच्या अंगणात गेला. तो कोंबडीने उचलला. एक शिक्षक, एक पदवीधर आणि काकू, तिघं कोंबडीमागे. पाय मिळाला, पण त्याला चोचीचं एक भोक पडलं होतं. ते भोक आम्ही खुराच्या कागदाखाली झाकलं.

पंच कोण, यावरून मास्तरांनी आधीच भांडण करून ठेवलं होतं. "इथले सारे मायावर खार खाऊन हायेत. बाहेरचा, बैलातला माणूस पाह्यजे. बीएच्या बाले आणा." म्हणून माझा बाप एस.टी.ने आला. लाल पागोटं, धोतर, हातात काठी. बा लहानपणी आजोबांच्या लदेणीत, म्हणजे लादलेल्या बैलांच्या तांड्यासोबत, मैलोन् मैल पायी चालला होता. पुढे शेती आली, कापूस-तूर आली, पण बैलाकडे तो अजून सोबत्याकडे बघावं तसा बघे. शाळेत तो पहिल्यांदाच आला होता. मी त्याला माझा वर्ग दाखवला, तर तो म्हणाला, "खिडक्या चांगल्या हायेत."

दिवेलागणीला शाळेच्या मोठ्या खोलीत पडदा बांधला. पडद्यावर मास्तरांनी स्वतः आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. पोरं लाकडी बैल मांडीवर घेऊन बसली. चाचांनी गाडीचं इंजिन सुरू केलं, खटखट झाली, आणि पडद्यावर नकाशाचा बैल आला. वेणी हलवत, वशिंड डोलवत, तिकिटांच्या गोण्या घेऊन तो निघाला. पोरांनी छप्पर उडवलं. मास्तर अंधारात माझा हात इतका जोरात दाबत होते की अंगठीचा वळ उठला.

दिवा लागला. सगळे वळून माझ्या बापाकडे बघू लागले. बा काठी टेकवत उठला. मग अगदी हळू, आदराने त्याने विचारलं, "मास्तर, या बैलाले भेव कशाचं हाय?"

"भेव? काहून?"

"पळून राह्यला ना तो. पाठीवर गोण असली तं बैल असा पाय टाकत नाई. असा टाकला म्हणजे त्यानं वाघ पाह्यला. नाईतं दोन कोसात बसीन तो." आणि बाने घंटी एका चिमुरडीला दिली. तिच्या लाकडी बैलाचं एक चाक करकरत होतं.

चाचा पुटपुटले, "बड़ा कड़क जज लाया मास्टर."

मास्तर पडद्याकडे बघत उभे. मी वाट बघत होतो की आता ते माझ्याकडे बोट दाखवतील. पाटाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं अजून तिथंच होतं. पण ते म्हणाले, "मायीच नजर चुकली. बैल तुमचा, तुमचंच खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पाय मी सांगितले, मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. बोललो आणि खाली बघत बसलो. काकूंनी कपात आणखी चहा ओतला.

बा म्हणाला, "कॉलेजात नाई शिकवत काय हे?"

"नाई."

"मंग तुयी काय चूक?" तो म्हणाला, आणि असा हसला की पागोटं सरळ करावं लागलं. मास्तरही हसू लागले. मला ते हसणं शिक्षेपेक्षा जड गेलं. मी खोलीत गेलो, पेटीतून पदवीचा कागद आणला आणि मास्तरांपुढे ठेवला. त्यावरच्या छापील चिन्हावर त्यांचा वर्षभर डोळा होता. "घ्या. कापा."

मास्तरांनी खिशातली कैची काढली, बूच काढलं, कागद उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. "ठेव. झकास छापला हाय. पण हा कागद चालवाचं काम तुयं हाय, मायं नाई."

मग बाने काठी बाजूला ठेवली, धोतर खोचलं आणि अंगणाच्या मधोमध हातागुडघ्यांवर उभा राहिला. "मास्तर, पाठीवर काही ठेवा. रिकाम्या पाठीनं चाल येत नाई."

काकूंनी दोन उशा आणल्या आणि दोरीने त्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना बांधल्या. साठीला आलेला माझा बाप, लाल पागोटं घालून, अंगणात बैल झाला. "पाहा आता. पैले मागचा डावा. तो पुढं आला की त्याले जागा द्याले पुढचा डावा उठते. मंग मागचा उजवा, मंग पुढचा उजवा. एका वक्ती एकच पाय. आणि हे पाहा, मागचा खूर कुठं पडते? पुढच्या खुराच्या ठशात. म्होरल्या पायानं जागा पाह्यली, मागचा इमानानं तिथंच येते. म्हणून तो अंधारात बी ठेचकायत नाई."

मास्तर खडू घेऊन त्याच्यामागे रांगत होते, प्रत्येक हाताचा आणि गुडघ्याचा ठसा आखत. चार फेऱ्या झाल्या. फाटकाशी अर्धी शाळा जमली होती. मुख्याध्यापकांनी एकदा डोकावून पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं, मिटलं आणि निघून गेले.

संध्याकाळी मास्तरांनी शेवटचा डबा काढला. लक्ष्मीचा. काकू म्हणाल्या, "अन् ते बाई?"

"उभी हाय तं राहू दे आणखी. तिले सवय हाय. बैल लंगडा ठेवून मले झोप येणार नाई."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अकरा ते एक. या वेळी पाटावर खडूचे ठसे होते आणि मास्तर एकेक खूर त्या ठशात असा ठेवत, जणू त्याला दुखेल. चुकायला जागा नव्हती. चुकलेलं चित्र पुसता येत नसे आणि दुसरा डबा जगात कुठं असला तरी आम्हाला मिळणार नव्हता. बोलायची बंदी होती. फक्त बटणाचा आवाज आणि शेजारच्या कोंबड्या, त्यांच्याकडे काकू काठी घेऊन लक्ष ठेवून. बैल पाटाच्या पलीकडे गेला तेव्हा मास्तरांनी कॅमेऱ्याच्या काट्याकडे पाहिलं. थोडीशी फीत उरली होती. ते उठले, विहिरीवर आंघोळ केली आणि देवांची कैची घेऊन आले.

रीळ मुंबईहून आलं ते तान्ह्या पोळ्याच्या चारच दिवस आधी. या वेळी पोस्टमन स्वतः पळत आला. त्यालाही बैल बघायचा होता.

पुन्हा तीच खोली, तेच तोरण, तोच पंच. मास्तर माझ्याशेजारी बसले नाहीत, दारात उभे राहिले. हरले तर लवकर जाता यावं म्हणून असेल. चाचांनी सरकारी सिनेमा आधी लावला नाही; म्हणाले, "आज पहले बैल, बाद में सरकार."

बैल आला. मागचा डावा. पुढचा डावा. मागचा उजवा. त्याला कसलीही घाई नव्हती. गोण्या एका लयीत डाव्याउजव्या होत होत्या, आणि प्रत्येक मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडत होता. मागच्या वर्षी ओरडलेली पोरं मांडीवरचे लाकडी बैल विसरून पुढं सरकली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, बापाकडे पाहत होतो. त्याची जीभ टाळूला लागून एक आवाज निघाला, बैलाला 'चल बाबा' म्हणताना काढतात तो. त्याला कळलंही नसेल. "बळद," तो आमच्या बोलीत स्वतःशी म्हणाला. बैल.

बैल पडद्याबाहेर गेला आणि लक्ष्मी आली. कमळावर उभी. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोणी नाही असं बघून गुडघे वाकवले आणि हळूच खाली बसली. पाकळ्या बाजूला सरकल्या. रीळ संपलं.

"बसली बाई एकदाची!" काकू मोठ्याने म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली.

दिवा लागल्यावर बा उठला. घंटी त्याच्या मुठीत होती. तो पोरांच्या रांगेवरून सरळ दारापर्यंत गेला आणि घंटी मास्तरांच्या हातात ठेवली. "चालते," तो म्हणाला.

मास्तरांनी ती एकदा वाजवली. मग पुन्हा. मग ते ती वाजवत खोलीभर फिरले, प्रत्येक पोराच्या कानाशी नेऊन. मागच्या वर्षीच्या त्या चिमुरडीने आपली घंटी आणली होती; दोघांनी कोणाची चांगली वाजते यावर बराच वाद घातला.

बा मात्र दारातच उभा होता. कपाळाला आठी. मास्तर परत आले तेव्हा म्हणाला, "मास्तर, एक राह्यलं. देवीले बसवलं ते चांगलं केलं. पण बैल कुठं गेला?"

"गेला ना पुढं. मुक्कामाले."

"गोणीसंग?" बा म्हणाला. "गोण कोणी उतरवली? आमच्यात मुक्काम आला की पैले बैलाची पाठ मोकळी. मंग माणसं पाणी पेतात. याची तं तशीच हाय. आता तो कायम लादलेला राहीन काय?"

मास्तरांच्या हातातली घंटी थांबली. रीळ संपलं होतं. शेवटचा डबा रिकामा झाला होता. त्यांनी माझ्या बापाकडे पाहिलं, आणि मी पाहिलं की त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतंच. उलट दुसरं बक्षीस मिळाल्यासारखे ते फुलले होते. "उद्या सकाळी या," ते म्हणाले. "नक्की या."

सकाळी अंगणात तोच पाट मांडला. कॅमेरा घरातच होता. मास्तर आंघोळ करून आले होते. त्यांनी नकाशाचा बैल पाकिटातून काढून पाटावर ठेवला, मग दोन्ही हातांनी, एकदम, एका बाजूला भार येऊ न देता, तिकिटांच्या दोन गोण्या त्याच्या पाठीवरून उचलल्या आणि बाजूला ठेवल्या.

बाने वाकून पाहिलं. "आता पाणी."

काकूंनी वाटीत पाणी आणून बैलाच्या तोंडाशी ठेवलं. आम्ही चौघं थोडा वेळ तिथं बसून राहिलो. मग बा म्हणाला, "आता चहा चालन."

ते रीळ चाचांनी नंतर इतक्या गावांत लावलं की ते तुकड्या-तुकड्यांनी संपलं. बैल मात्र माझ्याकडे आहे, मास्तरांनी दिला. घंटी त्यांच्याच खिळ्यावर राहिली. आजवर माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी सामान बांधताना बायको विचारते की एवढ्याशा कागदांना दोन पाकिटं कशाला. एकात बैल आहे, दुसऱ्यात गोण्या. मी ती एकत्र करू देत नाही.